अर्धरंगी रेशमी रुमाल : रंग राखण्याच्या विद्येचा एक धागा

१. विषयाचे स्वरूप

इतिहासाच्या अभ्यासकास ‘रुमाल’ हा शब्द ऐकताच बहुधा दप्तरखान्यातील रुमाल आठवतो. पेशवे दप्तरातील कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवीत, त्या कापडाच्या नावावरून आतील कागदांच्या गठ्ठ्यासच रुमाल म्हणण्याची रूढी पडली. मूळ फारसी शब्दाचा अर्थ तोंड पुसण्याचे वस्त्र एवढाच आहे. मराठीत मात्र तो डोक्यास गुंडाळावयाच्या वस्त्रासही लागला, आणि वेसाव्याचा कोळी कमरेस जे वस्त्र बांधतो त्यासही लागला. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला रुमाल यांपैकी कोणताही नव्हे. तो जादूगाराच्या मुठीत सहज मावणारा, पातळ रेशमाचा आणि मुद्दाम अर्धाच रंगविलेला रुमाल आहे.

हा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. रंगमंचावरील दोन घटकांच्या करमणुकीचे एक साधन. त्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु एखादे वस्त्र एका भागात रंगवून दुसरा भाग जसाच्या तसा ठेवणे, ही रंगविद्येतील फार जुनी आणि फार कठीण समस्या आहे. ती सोडविण्याच्या रीती भारतात अनेक शतके परिपक्व अवस्थेत होत्या. त्यांनी तयार झालेला रेशमी रुमाल अठराव्या शतकात युरोपच्या बाजारात गेला, आपले भारतीय नाव घेऊन गेला, आणि पुढे रेशमी रुमाल हेच पाश्चात्त्य जादूगाराचे एक मुख्य साधन झाले. ज्यांनी ही विद्या जोपासली त्यांची नावे मात्र या प्रवासात कोठेही नोंदली गेली नाहीत.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा असा की, रंगाऱ्याचे खरे कौशल्य रंग देण्यात जेवढे असते त्यापेक्षा रंग राखण्यात, म्हणजे नको तेथे तो जाऊ न देण्यात, अधिक असते. हे काम वस्त्र रंगाच्या कढईत पडण्यापूर्वीच संपलेले असते आणि ते कोणी पाहत नाही. जादूगाराच्या प्रयोगाची रचनाही अशीच असते. पाहणाऱ्यास दिसतो तो शेवटचा क्षण. आपल्या साधनग्रंथांनीही बहुतांशी तोच क्षण टिपला आहे. ही उणीव मुंबई उपनगराच्या इतिहासात कशी जाणवते, हे शेवटी पाहावयाचे आहे.

२. जादूच्या रुमालाची गरज

पांढरा रुमाल मुठीत किंवा कागदाच्या नळीत घालावा आणि दुसऱ्या बाजूने तो तांबडा होऊन बाहेर यावा, हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातील रंगमंचावर लोकप्रिय झाला. रेशमी रुमालांच्या अशा प्रयोगांशी बुआतिए द कोल्ता (१८४७–१९०३) या फ्रेंच जादूगाराचे नाव विशेष जोडले जाते. पुढे हॅरल्ड राइस या अमेरिकन जादूगाराने केवळ रेशमी रुमालांच्या प्रयोगांचा कोशच तयार केला. त्याचे पहिले तीन खंड १९४८, १९५३ व १९६२ साली निघाले. एका वस्त्रप्रकारावर कोश निघावा, यावरून त्या साधनाचे महत्त्व ध्यानात येते.

या प्रयोगांतील उपकरणांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. अर्धरंगी रुमालाचे तत्त्व तेवढे सांगितले पाहिजे. मुठीतून रुमालाचे जे टोक बाहेर दिसते, त्यावरून प्रेक्षक सबंध रुमालाचा रंग ठरवितो. टोक पांढरे असेल तर रुमाल पांढरा, असे तो न विचारता गृहीत धरतो. रुमालाचा अर्धा भाग तांबडा व अर्धा पांढरा असेल, तर एकच रुमाल दोन प्रसंगी दोन वेगळे रुमाल म्हणून खपतो. फसवणूक हाताने होते त्याहून अधिक ती अंशावरून पूर्णाचे अनुमान करण्याच्या मनुष्यस्वभावाने होते.

ही योजना साधावयाची तर रंगाऱ्याकडून चार गोष्टींची अपेक्षा असते. वस्त्र इतके पातळ हवे की ते मुठीत मावावे आणि मूठ उघडताच आपोआप फुलून यावे. हे गुण रेशमात एकत्र आढळतात, सुतात नाहीत. दुसरे, रंगविलेल्या भागाची छटा प्रयोगातील दुसऱ्या, पूर्ण रंगीत रुमालाशी तंतोतंत जुळली पाहिजे. म्हणून दोन्ही एकाच कढईतून काढलेले बरे. तिसरे, रंग पक्का हवा. मुठीतील उष्णतेने व घामाने तो पांढऱ्या भागावर उतरला तर सारा डाव उघडा पडतो. चौथी आणि सर्वांत अवघड अपेक्षा म्हणजे दोन रंगांमधील सीमा. रंग पांढऱ्या भागात पसरता कामा नये. या चौथ्या अपेक्षेपाशी जादूगाराची गरज आणि रंगाऱ्याची जुनी समस्या एक होतात.

३. सीमेचा प्रश्न

रेशमी वस्त्राचे एक टोक रंगाच्या पाण्यात बुडविले तर रंग तेवढ्यावर थांबत नाही. तंतूंच्या मधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढते व आपल्याबरोबर रंग नेते. रंगाचे कण वाटेत तंतूला चिकटत जातात, त्यामुळे पाणी पुढे व रंग मागे अशी स्थिती होते, आणि सीमेवर फिकट होत जाणारा पट्टा उमटतो. क्वचित असा पट्टा हवाही असतो. परंतु नेमकी रेघ हवी असेल तर पाण्याचीच वाट अडविली पाहिजे.

यासाठी निरनिराळ्या देशांत ज्या रीती निघाल्या त्या मुख्यतः तीन प्रकारांत मोडतात. पहिली बांधण्याची. राखावयाचा भाग दोऱ्याने इतका घट्ट आवळावयाचा की त्यात रंग शिरू नये. भाग मोठा असेल तर सीमेवर टाके घालून कापड चुणून घ्यावयाचे आणि चुणलेला भाग वेष्टून टाकावयाचा. दुसरी लेपाची. मेण, डिंक किंवा चिकणमाती लावून तेवढ्या भागावर पाण्यास मज्जाव करावयाचा. तिसरी रीत याच्या उलट आहे. सर्व वस्त्र रंगवून घ्यावयाचे आणि मग हव्या त्या जागेचा रंग रसायनाने काढून टाकावयाचा.

यांपैकी कोणती रीत घ्यावयाची हे रंगाऱ्याच्या आवडीवर अवलंबून नसते. रंगाचा स्वभावच ते ठरवितो. मेण उष्णतेने वितळते. म्हणून नीळ, जी थंड किंवा कोमट पिंपात लागते, तिच्याशी मेणाची संगती जमते. मंजिष्ठेसारखा रंग उष्ण पाण्यात चढतो. तेथे मेण टिकत नाही, दोऱ्याची गाठ मात्र टिकते. रेशमास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जे आम्ल रंग लागू लागले त्यांनाही उष्णता व थोडे शिरक्यासारखे आम्ल लागते. रेशीम हे प्रथिन आहे. आम्लयुक्त पाण्यात त्याच्या तंतूवर धन विद्युतभार येतो आणि ऋण भाराचे रंगकण त्याकडे ओढले जातात. म्हणून अशा रंगाने अर्धा रुमाल रंगवावयाचा झाल्यास पुन्हा बांधण्याच्याच रीतीकडे वळावे लागते. क्लोरिनने रंग काढण्याची रीत सुतास चालते, पण रेशीम तिने पिवळे पडते व कुजते. तात्पर्य, रंग, तंतू आणि राखण्याची रीत या तिन्हींचा मेळ बसविणे हेच ज्ञान होय. हे ज्ञान ग्रंथांत फारसे नव्हते. ते हातांत होते.

आणखी एका पूर्वतयारीचा उल्लेख अवश्य आहे. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाच्या चिकट द्रव्याचा थर असतो. तो साबणाच्या गरम पाण्यात काढून टाकल्याखेरीज रंग सारखा बसत नाही. या क्रियेत रेशमाचे वजन सुमारे एक चतुर्थांशापर्यंत घटते. विकत घेणारा मऊपणा व चकाकी पाहतो. घटलेले वजन विणकराच्या व रंगाऱ्याच्या हिशेबात जाते.

४. प्राचीन उल्लेख

रंगविद्या आणि हस्तलाघव यांचा संबंध आपल्या परंपरेस अपरिचित नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत दात, वस्त्र व अंग रंगविण्याची कला आहे, तशीच ‘ऐन्द्रजाल’ व ‘हस्तलाघव’ ही आहेत. त्याच यादीत ‘सूत्रक्रीडा’ व ‘वस्त्रगोपन’ हीही नावे येतात. यशोधराच्या टीकेवरून सूत्रक्रीडेत तोडलेला दोरा अखंड करून दाखविण्याचा अंतर्भाव होता असे दिसते. म्हणजे वस्त्र व सूत्र ही इंद्रजालाची साधने म्हणून त्या काळीही मान्य होती. या कला एकाच यादीत असल्या तरी त्या एकाच माणसाने कराव्यात असा त्याचा अर्थ नव्हे. पण त्या सर्वांकडे शिकण्याजोगे कौशल्य या एकाच दृष्टीने पाहिले जात होते, हे महत्त्वाचे आहे.

सातव्या शतकात बाणाने हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाची तयारी वर्णिली आहे. तीत वस्त्रे बांधून रंगविण्याचे काम चालू असल्याचे वर्णन येते, आणि वासुदेवशरण अग्रवाल यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सांस्कृतिक अध्ययनात त्याचा संबंध आजच्या बांधणीशी जोडला आहे. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बाणाने तयार वस्त्राबरोबरच तयारीही वर्णिली. नंतरच्या साधनांत हा दृष्टिकोण दुर्मिळ झाला.

पश्चिमेकडे पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या सृष्टिवर्णनाच्या पस्तिसाव्या ग्रंथात ईजिप्तमधील रंगाऱ्यांची एक रीत सांगितली आहे. पांढऱ्या कापडावर आधी काही द्रव्ये लावतात. ती दिसत नाहीत. मग ते कापड एकाच रंगाच्या कढईत घालतात, आणि ते बाहेर येते तेव्हा त्यावर अनेक रंग असतात. प्लिनीच्या लिहिण्यात आश्चर्य स्पष्ट दिसते. आज आपणास त्याचे कारण ठाऊक आहे. तुरटी लावलेल्या जागी मंजिष्ठ तांबडी उठते, लोहाचा क्षार लावलेल्या जागी तीच काळपट उठते. रंगबंधकाचा हा गुण भारतीय छपाईचाही पाया होता. प्लिनी रंगमंचासमोरील प्रेक्षकाच्या जागी उभा होता; ज्याने तुरटी लावली त्यास त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नव्हते.

५. बांधणीचा ‘बंदाना’

अठराव्या शतकात बंगालमधील मुर्शिदाबाद व कासिमबाजार या भागातून ईस्ट इंडिया कंपनी रेशमी रुमाल मोठ्या प्रमाणात नेत असे. त्यांपैकी ठिपक्यांचे रुमाल बांधून रंगविलेले असत. तांबड्या किंवा निळ्या जमिनीवर पांढरे ठिपके, असे त्यांचे साधारण रूप होते. ‘बांधणे’ या क्रियेवरूनच इंग्रजीत ‘बंदाना’ हा शब्द रूढ झाला. तपकीर ओढणाऱ्यांस पांढऱ्या रुमालापेक्षा असा रंगीत रुमाल सोयीचा वाटे, कारण त्यावर डाग दिसत नसत. इंग्लंडमध्ये इ. स. १७०० च्या कायद्याने भारतीय रेशमी वस्त्रे वापरण्यास बंदी होती. ती आणून परदेशी पाठविण्यास मात्र मुभा होती. रेशमावरील ही बंदी १८२६ मध्ये उठली. तोपर्यंत चोरट्या आयातीचा हा एक ठरलेला माल होता. ज्या मालास कायद्याने दार बंद केले त्याचे नावच भाषेत घर करून बसावे, हा प्रकार अर्थशास्त्राच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारा आहे.

मागणी आहे म्हटल्यावर नक्कल आलीच. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्लासगो येथील हेन्री माँटिथ यांच्या कारखान्यात सुती बंदाना निघू लागले. तेथील रीत वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारची होती. गडद तांबड्या रंगाच्या कापडाचे बारा-चौदा थर एकमेकांवर ठेवीत. ते नक्षीची छिद्रे असलेल्या शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये धरून जलदाबयंत्राने घट्ट दाबीत आणि छिद्रांतून क्लोरिनयुक्त द्रव सोडीत. जेथे छिद्र तेथे रंग उडून पांढरी नक्षी उठे. जेथे शिसे दाबलेले तेथे द्रव शिरत नसे.

या दोन रीतींची तुलना बोधप्रद आहे. बंगालमधील कारागीर एकेक ठिपका बोटाने उचलून बांधी. ग्लासगोचे यंत्र काही मिनिटांत डझनभर थान उरकी. तरीही तत्त्व तेच राहिले. गाठीचे काम शिशाच्या पत्र्याने केले, इतकेच. दाब देऊन द्रवास मज्जाव करणे ही कल्पना कारागिराचीच होती. यंत्राची नोंद मात्र इंग्रजी औद्योगिक कोशांत आकृतींसह झाली. गाठ बांधणाऱ्या हाताची नोंद कंपनीच्या वहीत केवळ थानांच्या संख्येत उरली.

पुढे १८५६ मध्ये विल्यम पर्किन याने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि आरंभीच त्याची परीक्षा रेशमावर घेतली. १८६८–६९ मध्ये मंजिष्ठेतील अलिझारिन प्रयोगशाळेत तयार झाले, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. भडक, स्वस्त आणि एकसारख्या छटा आता हव्या तितक्या मिळू लागल्या. जादूगाराच्या रंगीबेरंगी रुमालांचा सुकाळ याच काळातला आहे. दोन्हींत कार्यकारणसंबंध होता असे मानण्यास जागा आहे, कारण दहा रुमाल एकाच छटेचे लागणाऱ्या प्रयोगास नैसर्गिक रंगांची अनिश्चितता परवडली नसती.

६. कलाभवन : रंगशास्त्रज्ञ आणि जादूगार

रंगविद्या व जादू यांची वाट आपल्याकडे अर्वाचीन काळात एका संस्थेत एकमेकींस भेटली. १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि रंगाई-छपाई हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. कारागिराच्या हातातील विद्येला रसायनाची जोड द्यावी व ती देशी भाषेतून शिकवावी, असा त्यांचा आग्रह असे. रंगाऱ्यांसाठी त्यांनी ‘रंगरहस्य’ या नावाचे नियतकालिकही चालविले. नाव अर्थपूर्ण आहे. ज्याला रहस्य म्हणावयाचे ते छापून वाटून टाकणे हाच त्याचा उद्देश होता.

मुंबईकरांस गज्जरांचे नाव एका वेगळ्याच कारणाने माहीत झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासण्यात आले; हे कृत्य चाफेकर बंधूंचे होते हे पुढे उघड झाले. इतरांना न साधलेले ते डाग गज्जरांनी रसायनाने काढून दाखविले आणि त्यांची मोठी वाहवा झाली. राजकीय दृष्टीने या प्रसंगाचा विचार निराळा होईल. पण रंगविद्येच्या दृष्टीने पाहता दगडास अपाय न करता तेवढाच रंग काढणे ही ‘राखण्याची’च समस्या होती. जनतेस मात्र तो चमत्कार वाटला.

याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) शिकावयास आले. गज्जरांनी या हुन्नरी विद्यार्थ्यास छायाचित्रणाची साधने वापरण्याची मोकळीक दिली, असे चरित्रकार सांगतात. बडोद्यातच फाळके यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादू आत्मसात केली. पुढे ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत. ‘फाळके’ हीच अक्षरे उलटी वाचून हे नाव साधले होते. मध्यंतरी त्यांनी रंगीत ठशांच्या छपाईचा व्यवसाय केला व त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन तीन रंगांच्या छपाईचे तंत्र पाहिले. या छपाईत प्रत्येक ठसा एका रंगाचा भाग उमटवितो व बाकीचा राखतो. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

फाळके यांच्या ट्रिक दृश्यांचे मूळ त्यांच्या जादूत शोधण्याची प्रथा आहे व ती रास्त आहे. तथापि त्या मुळाशेजारी दुसरेही एक मूळ आहे, ते कलाभवनाच्या प्रयोगशाळेत. चित्रफितीचा एक भाग झाकून दुसऱ्यावर प्रकाश पाडावयाचा, मग पहिला उघडून दुसरा झाकावयाचा, ही युक्ती बांधणीच्या रंगाऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

फाळक्यांनंतर मराठी प्रेक्षकांत जादूस प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय पुण्याचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांच्याकडे जाते. ‘जादूगार रघुवीर’ हे नाव घरोघरी परिचित होते.

७. साष्टी बेटावरील रेशीम व रंग

आता अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांकडे वळू. ही सर्व साष्टी बेटावर आहेत आणि ठाणे हे त्या बेटाचे जुने मुख्य शहर. पोर्तुगीज अमदानीत ठाण्यास रेशमाच्या विणकामाची भरभराट होती. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले तेव्हा तो धंदा ख्रिस्ती विणकरांच्या मोजक्या घरांपुरता उरला होता. फॉसेट यांनी मुंबई इलाख्यातील रंग व रंगाईवर १८९६ मध्ये व एडवर्ड्स यांनी रेशमी वस्त्रांवर १९०० मध्ये लिहिलेले अहवाल उपलब्ध आहेत. दोन्हींत माल, द्रव्ये व किमती यांची माहिती आहे. हातांची माहिती त्या मानाने थोडी.

विसाव्या शतकात या बेटाचे रूप पालटले. १९२० मध्ये उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९२२ च्या सुमारास मुलुंडची आखीव वसाहत आकारास येऊ लागली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. १९९० मध्ये उपनगर पुन्हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाले. या वाढीत घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथे गुजराती व कच्छी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली, आणि त्यांच्या विवाहविधींबरोबर अर्धरंगी रेशमाची एक जिवंत परंपरा उपनगरात आली.

गुजराती वधूचे ‘पानेतर’ हे पांढऱ्या अंगाचे व तांबड्या काठापदराचे रेशमी वस्त्र असते. मामाकडून आलेले पानेतर नेसून वधू मंडपात येते, आणि सासरचे तांबडे ‘घरचोळे’ तीवर येते. विधीच्या आरंभी वधू पांढऱ्यात आणि अखेरीस तांबड्यात, असा हा रंगपालट आहे. तो दाखविण्यासाठी कोणी मूठ झाकत नाही. त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. पण बांधून रंगविलेल्या पानेतरातील तांबडे तेवढे तांबडे व पांढरे तेवढे पांढरे राहावे यासाठी कारागिरास जे करावे लागते, ते जादूगाराच्या रुमालासाठी करावे लागते त्याहून निराळे नाही. रुमाल हातभर असतो, पानेतर साडेपाच वारांचे. म्हणून काम अवघडच.

बांधणीचे बहुतेक काम कच्छ व जामनगर भागात होते. रंगविण्याचे काम खत्री समाजातील पुरुषांकडे, तर गाठी बांधण्याचे काम मुख्यत्वे घरोघरीच्या स्त्रियांकडे असते. लांब राखलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा कण उचलून दोऱ्याचे फेरे द्यावयाचे, व पुढचा कण उचलावयाचा. मजुरी गाठींच्या संख्येवर ठरते. चार गाठींची एक ‘कडी’ धरतात. बारीक कामाच्या एका वस्त्रात अशा हजारो गाठी असतात. उपनगरातील दुकानात पुष्कळदा हे वस्त्र गाठींसकट येते, कारण गाठ हीच हातकामाची खूण. गिऱ्हाइकासमोर दोघांनी दोन बाजूंनी ते ओढले की दोरे तटतट सुटून ठिपके उघडतात. हा क्षण खरोखर प्रेक्षणीय असतो, आणि दुकानदार तो प्रयोग म्हणूनच करतो. पण महिनोन्‌महिने गाठी बांधणारी स्त्री तेथे नसते.

दुसरी परंपरा कारखान्यांची. स्वातंत्र्योत्तर काळात अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या बाजूस, विशेषतः साकीनाक्याच्या परिसरात, कृत्रिम रेशमाचे माग व कापड रंगविण्याचे छोटे कारखाने वाढले. त्यांना शास्त्राचा आधार जवळच होता. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ मध्ये सुरू झाला होता; त्याचे संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध होऊन जगन्मान्य झाला. रेशीम व कृत्रिम रेशीम गिरण्यांची ‘सस्मिरा’ ही संशोधनसंस्था १९५० मध्ये वरळीस निघाली. पण साकीनाक्याच्या कारखान्यात शास्त्र व हात यांची गाठ कशी पडली, रंगाचा मास्तर आपले प्रमाण कोठून शिके, याची नोंद या संस्थांच्या कागदपत्रांत मिळणे कठीण. शतकाच्या उत्तरार्धात जमिनीचे भाव चढले, प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि यांपैकी अनेक धंदे भिवंडी, तारापूर, सुरत इकडे गेले. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी साकीनाका व कुर्ल्याजवळून जाते; रंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी हे तिच्या दूषित होण्याच्या कारणांपैकी एक ठरले. वस्त्राच्या सीमेत रंग राखणाऱ्या धंद्यास कारखान्याच्या सीमेत रंग राखता आला नाही. ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. त्याची किंमत नदीकाठच्या वस्तीने मोजली आहे, आणि या धंद्याच्या इतिहासात तिचा हिशेब आलाच पाहिजे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, अर्धरंगी रेशीम ही पाश्चात्त्य जादूच्या दुकानातील नवलाई नसून एका दीर्घ रंगपरंपरेचे अगदी अलीकडचे व अगदी लहान रूप आहे. दुसरी, या परंपरेत निर्णायक काम नेहमी रंगाच्या आधी होते; गाठ, लेप, तुरटी किंवा शिशाचा पत्रा ही त्याची साधने. तिसरी, यंत्र, संस्था आणि रंगमंच यांची नावे इतिहासात राहिली, गाठीचे नाव राहिले नाही. गज्जर आणि फाळके यांची नोंद झाली हे योग्यच झाले. पण कलाभवनाच्या पाठीशी जे रंगारी होते त्यांच्या विद्येची नोंद होणे अद्याप बाकी आहे.

उपनगरात हे काम करण्यास अवधी फार नाही. बंद पडलेल्या रंगाईच्या कारखान्यांच्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या. त्यांत काम केलेली पिढी वृद्ध झाली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घाटकोपर व मुलुंड येथील कुटुंबांत जपलेली जुनी पानेतरे तपासावीत, विवाहाच्या छायाचित्रांवरून त्यांचा काळ ठरवावा, दुकानदारांच्या खरेदीच्या वह्या मिळाल्यास त्यांतून बांधणाऱ्यांची गावे काढावीत, आणि साकीनाक्याच्या जुन्या रंगकामगारांच्या साक्षी त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्यात. विचारावयाचा प्रश्न ‘कोणता रंग दिला’ हा एकच असू नये; ‘काय राखले, आणि कसे राखले’ हाही असावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मालाच्या यादीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर फक्त माणसाकडे असते.

इतिहासकारासही साधनांच्या मुठीतून बाहेर आलेले टोकच दिसत असते, आणि त्यावरून सबंध वस्त्राचा रंग ठरविण्याचा मोह त्यास होतो. कंपनीच्या वहीतील थानांची संख्या हे असे एक टोक आहे, गॅझेटियरमधील वाक्य हे दुसरे. ती खोटी नाहीत, पण ती अर्धी आहेत. दप्तरातील रुमाल सोडताना ही जाणीव ठेवली, तर आत न सापडणाऱ्या माणसांचा शोध दप्तराबाहेर घेण्याची निकड आपोआप पटेल.